विलगीकरणाचे दिवस आणि त्या दिवसांचा पगार

13 जानेवारी 2022 रोजी ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी संसदेत जाहीर केलं की, इंग्लंडमध्ये कोविड झालेल्या माणसाला यापुढे पाच पूर्ण दिवस घरात काढल्यावर सहाव्या दिवशी बाहेर पडता येईल. पाचव्या आणि सहाव्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली पाहिजे, एवढीच अट होती. आदल्याच दिवशी, त्याच सभागृहात, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मे 2020 मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत झालेल्या पार्टीला आपण हजर होतो हे कबूल करून माफी मागितली होती. लोक जवळच्या माणसांना शेवटचं भेटूही शकत नव्हते, त्या काळातली ती पार्टी. त्यामुळे विलगीकरणाचा नियम सैल झाल्याची बातमी तिथल्या लोकांनी थंड डोक्यानं ऐकण्याची शक्यताच नव्हती.

प्रतिक्रिया दोन टोकांच्या आल्या. उद्योग-व्यापारातल्या लोकांनी स्वागत केलं. हॉटेलं, पब, दुकानं आणि रेल्वे, सगळीकडे माणसांची टंचाई होती. जानेवारीच्या सुरुवातीला देशात रोज दोन लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. एकट्या इंग्लंडमधल्या रुग्णालयांचे सुमारे 39 हजार कर्मचारी कोविडमुळे कामावर नव्हते आणि लंडनच्या रुग्णालयांत मदतीला लष्कराचे 200 जवान पाठवावे लागले होते. दुसऱ्या बाजूला कामगार संघटना होत्या, वृद्ध आईवडिलांची काळजी घेणारे होते, आणि कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा अवयवरोपण झालेले लोक होते. त्यांचं म्हणणं असं, की सरकारनं धंद्याची सोय बघितली आणि आमचा जीव टांगणीला लावला.

दोन्ही बाजू खोटं बोलत नव्हत्या. पण सगळा वाद दहा, सात की पाच एवढ्यावरच अडकून बसला याचं मला आजही वाईट वाटतं. माझं मत असं की, दिवसांचा आकडा दुय्यम होता. आजारी माणसानं घरात बसायचं असेल तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार, टेस्टचा खर्च कोण करणार आणि घरात वेगळी खोली नसेल तर त्यानं जायचं कुठं, या प्रश्नांवर लोकांनी रान उठवायला हवं होतं. तसं थोड्यांनीच केलं, आणि त्यांचा आवाज आकड्यांच्या गदारोळात बुडून गेला.

आकड्याचा इतिहासच बघा. मार्च 2020 मध्ये ब्रिटननं लक्षणं असलेल्या माणसाला घरात राहायला सांगितलं ते सातच दिवस. जुलैच्या अखेरीस त्याचे दहा झाले. 22 डिसेंबर 2021 रोजी दोन निगेटिव्ह टेस्टच्या अटीवर पुन्हा सात झाले, 17 जानेवारीपासून पाच, आणि 24 फेब्रुवारीला तर इंग्लंडमध्ये विलगीकरणाची कायदेशीर सक्तीच संपली. म्हणजे ज्या दहाच्या आकड्याला लोक शास्त्रानं घालून दिलेली लक्ष्मणरेषा समजत होते, तो मुळात पहिला आकडा नव्हताच. त्या त्या वेळी विषाणूबद्दल काय माहिती आहे आणि लोकांना किती दिवस रोखून धरता येईल, याचा अंदाज बांधून तो ठरवलेला होता. असा अंदाज बदलणं हे काही पाप नाही. नवी माहिती हाती आल्यावरही जुन्याच आकड्याला चिकटून राहणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

आणि नवी माहिती होती. जाविद यांनी आरोग्य सुरक्षा संस्थेचा हवाला देऊन सांगितलं की, पाचवा दिवस संपेपर्यंत सुमारे दोन तृतीयांश बाधित माणसं संसर्ग पसरवण्याच्या अवस्थेतून बाहेर आलेली असतात. याचा उलटा अर्थही तेवढाच महत्त्वाचा आहे: एक तृतीयांश लोक बाहेर आलेले नसतात. कोण कुठल्या गटात आहे, हे कॅलेंडर सांगू शकत नाही. ते टेस्ट सांगू शकते. म्हणून इंग्लंडच्या नियमाची खरी ताकद पाचच्या आकड्यात नव्हती, ती पाचव्या आणि सहाव्या दिवसाच्या टेस्टमध्ये होती.

ही टेस्ट कशी असायची हे मला एका मैत्रिणीकडून कळलं. ती इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एका गोदामात एजन्सीमार्फत पॅकिंगचं काम करत होती आणि त्याच जानेवारीत पॉझिटिव्ह आली. किटमधली काडी नाकात फिरवायची, छोट्या नळीतल्या द्रावणात घोळवायची, त्याचे दोन-तीन थेंब पट्टीवर टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. ‘सी’पाशी रेघ आली म्हणजे पट्टी ठीक चालते आहे, आणि ‘टी’पाशीही आली तर तुम्ही अजून पॉझिटिव्ह. पाचव्या दिवशी तिची ‘टी’ची रेघ इतकी पुसट होती की ती पट्टी खिडकीपाशी नेऊन, कलती करून, पुन्हा पुन्हा बघत राहिली. सूचना स्पष्ट होती: रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. त्या पट्टीचा फोटो तिनं मला पाठवला आणि खाली लिहिलं, “आहे ना गं? मला वाटतंय आहे.” रेघ होती. ती घरातच राहिली. हा प्रामाणिकपणा तिला किती पौंडांना पडला, त्याकडे मी येतेच.

अमेरिकेनं नेमकी ही टेस्टच वगळली. 27 डिसेंबर 2021 रोजी तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, लक्षणं नसलेल्या किंवा कमी होत चाललेल्या लोकांसाठी विलगीकरण दहावरून पाच दिवसांवर आणलं आणि पुढचे पाच दिवस मास्क लावायला सांगितलं. बाहेर पडताना टेस्ट मात्र बंधनकारक केली नाही. त्याआधी सहाच दिवस डेल्टा एअरलाइन्सच्या प्रमुखांनी पत्र लिहून, लस घेतलेल्यांसाठी पाच दिवसांची मुदत ठेवा अशी मागणी केली होती. विमानांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष सारा नेल्सन यांनी लगेच बोट ठेवलं: कारण वैद्यकीय सांगता, पण दिवस मात्र बरोबर कंपन्यांनी मागितले तेवढेच निघाले, यानं आमच्या मनाला दिलासा मिळत नाही. सीडीसीच्या प्रमुख रोशेल वॉलेन्स्की यांनीही मुलाखतीत मान्य केलं की, लोक किती सहन करतील याचा विचार या निर्णयामागे बऱ्यापैकी होता. अमेरिकन डॉक्टरांच्या सर्वात मोठ्या संघटनेनं या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठरवल्या. अमेरिकेतला राग मला पूर्णपणे पटतो. टेस्ट काढून घेतली की उरतो तो फक्त अंदाज, आणि त्या अंदाजाची किंमत शेजारच्या टेबलावर काम करणारा मोजतो. इंग्लंडच्या नियमावर मात्र ही टीका जशीच्या तशी लागू होत नव्हती, हे तिथल्या टीकाकारांनी मान्य करायला हवं होतं. अर्थात टेस्टची अट घालायची तर टेस्ट मिळायलाही हवी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या सरकारी वेबसाइटवर किट संपले होते आणि औषधांच्या दुकानांतून लोक हात हलवत परत येत होते. त्या आठवड्यात संतापलेल्यांचा संताप रास्त होता.

आता पैशाकडे येते. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या दिवसांत मालकानं द्यायचा जो किमान कायदेशीर भत्ता आहे, तो त्या वेळी आठवड्याला 96 पौंड 35 पेन्स होता. किमान वेतन तासाला 8 पौंड 91 पेन्स. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याची कमाई साडेतीनशे पौंडांच्या वर जाते. म्हणजे आजारी पडून नियम पाळणाऱ्या माणसाच्या हातात नेहमीच्या पैशांचा चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडं जास्त. माझ्या मैत्रिणीच्या घराचं भाडं या भत्त्यात भागत नव्हतं. बरं, ज्यांची कमाई आठवड्याला 120 पौंडांपेक्षा कमी, त्यांना तर हा भत्ताच नव्हता. कामगार संघटनांच्या महासंघाच्या हिशेबानं असे सुमारे 20 लाख लोक होते आणि त्यांत बहुसंख्य बायका. मार्च 2020 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना बीबीसीच्या कार्यक्रमात विचारलं होतं की, आठवड्याला 94 पौंडांवर तुम्ही जगू शकाल का. त्यांनी “नाही” म्हणून उत्तर दिलं. त्यानंतर दोन वर्षांत त्या भत्त्यात वाढ झाली ती जेमतेम दोन पौंडांची.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर 2020 पासून कमी उत्पन्नाच्या लोकांना विलगीकरणासाठी 500 पौंड देण्याची योजना आली. पण ती ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्यांशी बांधलेली होती, बाकीच्यांनी स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचे, आणि तिथून मोठ्या संख्येनं नकार आले. त्याच दिवशी विलगीकरण मोडणाऱ्यांसाठी एक हजार पौंडांपासून दंडही सुरू झाला, आणि पुन्हा पुन्हा मोडणाऱ्याला तो दहा हजारांपर्यंत जाऊ शकत होता. मदत पाचशे आणि दंड हजार, यावरून सरकारला आपल्या नागरिकाबद्दल काय वाटत होतं ते दिसतं.

याचा परिणाम काय झाला, त्याचीही नोंद आहे. मार्च 2021 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनभर घेतलेल्या 37 सर्वेक्षणांचा अभ्यास आला. लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 43 टक्के लोकांनीच विलगीकरण पूर्ण पाळल्याचं सांगितलं. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांमध्ये पालनाचं प्रमाण पुढे झालेल्या इतर पाहण्यांत बरंच जास्त दिसलं, हेही खरं. पण कुणाला पाळता आलं नाही, ते महत्त्वाचं आहे. घरात लहान मूल असलेले, हातातोंडाशी गाठ असलेले आणि अत्यावश्यक सेवांत काम करणारे लोक त्यांत जास्त होते. यांना कुणी बेफिकीर म्हणू नये. ज्या माणसाला तीन दिवससुद्धा घरी बसणं परवडत नाही, त्याच्यासाठी दहाचे पाच केले काय किंवा पाचचे पंधरा केले काय, तो कामावर जाणारच. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो टेस्टच करणार नाही. कागदावर कडक असलेला नियम त्याच्यापुरता शून्य दिवसांचा होतो.

दुसरी गोष्ट विश्वासाची. मे 2020 मध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत कुटुंबाला घेऊन लंडनहून डरमला गेले होते, हे उघड झालं. ‘लॅन्सेट’मध्ये नंतर आलेल्या अभ्यासात दिसलं की त्या प्रकरणानंतर इंग्लंडमधल्या लोकांचा सरकारवरचा विश्वास ढासळला, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तसं झालं नाही. जुलै 2021 मध्ये संपर्कातल्या माणसांना सावध करणाऱ्या ॲपनं एकेका आठवड्यात सहा-सहा लाखांवर लोकांना घरी बसवलं होतं. तेव्हा जाविद स्वतः पॉझिटिव्ह आले आणि जॉन्सन व अर्थमंत्री ऋषी सुनक त्यांच्या संपर्कातले ठरले. या दोघांनी विलगीकरणाऐवजी रोज टेस्ट करण्याच्या प्रायोगिक योजनेत जात असल्याचं सकाळी जाहीर केलं. देशभर असा भडका उडाला की तीन तासांच्या आत निर्णय फिरवून दोघांना घरात बसावं लागलं. मला वाटतं, त्या सकाळी लोकांनी फार मोलाचं काम केलं. त्यांचा आक्षेप रोज टेस्ट करण्याच्या कल्पनेवर नव्हता. ती सोय मंत्र्याला मिळते आणि बसचालकाला मिळत नाही, यावर होता. वैद्यकीयदृष्ट्या योग्य असलेली सवलतसुद्धा आधी वरच्यांनी घेतली की लोक तिला लबाडी समजतात, आणि मग पुढची प्रत्येक सवलत संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

ज्यांना भीती वाटली त्यांच्याबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे. इंग्लंडमध्ये सुमारे 37 लाख लोकांची ‘अतिजोखमीचे’ म्हणून नोंद होती. लस घेऊनही ज्यांच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, असेही त्यांत होते. चारचौघांसाठी ओमायक्रॉन म्हणजे चार दिवसांची सर्दी असेल, त्यांच्यासाठी नव्हती. “आता आम्ही आमचं बघून घ्यायचं का?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि नियम सैल करा म्हणणाऱ्यांपैकी फार कमी जणांनी त्याला सरळ उत्तर दिलं. माझं उत्तर असं आहे: अशा माणसाचं रक्षण दहा दिवसांच्या नियमापेक्षा, त्याच्या घरी येणारी काळजीवाहू बाई आजारी असताना पगार न बुडता घरी राहू शकते की नाही, यावर जास्त अवलंबून असतं. तिच्या हातात मोफत टेस्टचं किट आहे की नाही, यावर असतं.

म्हणूनच मला खरा धक्का जानेवारीतल्या निर्णयाचा बसला नाही, फेब्रुवारीतल्या निर्णयाचा बसला. 21 फेब्रुवारी 2022 रोजी जॉन्सन यांनी ‘कोविडसह जगण्याची’ योजना मांडली. 24 तारखेला विलगीकरणाची सक्ती गेली, त्याबरोबर पाचशे पौंडांची मदतही गेली. पहिल्या दिवसापासून आजारपणाचा भत्ता देण्याची कोविडकाळातली सोय महिनाभरात संपली, म्हणजे पुन्हा पहिले तीन दिवस कोरडे. 1 एप्रिलपासून बहुतेकांसाठी मोफत टेस्ट बंद. सक्ती उठवणं मला समजू शकतं. आजार सौम्य झालाय, लसीकरण झालंय, लोकांच्या समंजसपणावर सोपवूया, हा युक्तिवाद टाकाऊ नाही. पण समंजसपणानं वागायला जी साधनं लागतात, तीच काढून घ्यायची आणि मग समंजसपणाची अपेक्षा ठेवायची, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यावर मात्र जानेवारीइतका गदारोळ झाला नाही. लोक थकले होते, हे त्याचं कारण असावं.

आपल्याकडे याच सुमारास काय झालं? 5 जानेवारी 2022 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं गृहविलगीकरण दहा दिवसांवरून सातवर आणलं. सलग तीन दिवस ताप नसला की सातव्या दिवसानंतर मोकळं, पुन्हा टेस्टची गरज नाही. अमेरिकेच्या धर्तीचाच नियम, फक्त दोन दिवस जास्त. तरी आपल्याकडे फारसा वाद झाला नाही. त्या नियमावलीत लिहिलं होतं की रुग्णासाठी हवेशीर वेगळी खोली हवी आणि चोवीस तास काळजी घेणारं माणूस हवं. मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं आणि संडास मजल्यावर किंवा गल्लीच्या टोकाला, असं जिथं आहे तिथं ही अट वाचून माणसानं काय करायचं? नियम आपल्यासाठी नाहीच, हे त्याला आधीच कळलेलं होतं. म्हणून तो भांडला नाही.

त्या जानेवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फतवा निघाला: घरकामाला येणाऱ्या कुणाच्याही घरी पॉझिटिव्ह निघालं, तर त्या बाईनं पंधरा दिवस यायचं नाही. सरकारचे सात, आमचे पंधरा. पगाराचं काय, असं मी विचारल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मग एकीनं लिहिलं, “ज्यानं त्यानं ठरवावं.” आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी त्याच आठवड्यात सांगितलं, “ताई, आमच्या गल्लीत आता कुणी टेस्ट करतच नाही. कळलं तर खाडा पडतो.” आजार लपवण्याचं कारण याहून नेमकं मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात लोकांनी रुग्ण घरात दडवले ते सोजिरांच्या झडतीच्या आणि सेग्रेगेशन कॅम्पच्या धास्तीनं. सव्वाशे वर्षांनी दडवले ते खाड्याच्या धास्तीनं.

धारावीत 2020 मध्ये वेगळं घडलं, ते यासाठी आठवायचं. तिथं घरात वेगळं राहणं शक्य नाही हे महापालिकेनं मान्य केलं, आणि शाळा, क्रीडासंकुलं, सभागृहं ताब्यात घेऊन लोकांना खाट, जेवण आणि डॉक्टर दिले. लोक गेले. मजुरी मात्र त्यांनाही मिळाली नाही. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत राज्य सरकारनं नोंदणीकृत घरेलू कामगार, बांधकाम मजूर, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार रुपये जाहीर केले. ते एकदाच, नोंदणी असलेल्यांनाच, आणि त्यांचा आजारपणाशी संबंध नव्हता. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आजारपणात 70 टक्के मजुरी मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण ती महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि नोंदलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्यांना. मावशी त्यात कुठेच बसत नाहीत.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 मध्ये संसदेत आलेल्या रोजगार हक्क विधेयकात, आजारपणाचा भत्ता पहिल्या दिवसापासून द्यायचा आणि किमान कमाईची अट काढून टाकायची, अशी तरतूद आली. कामगार संघटना जे साथीच्या पहिल्या महिन्यापासून मागत होत्या, ते साथ ओसरल्यावर विधेयकात उतरलं. आपल्याकडे साथरोग कायदा अजून 1897 चाच आहे. मुळात चार कलमांचा. 2020 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली; ती योग्यच होती. म्हणजे मनात आणलं तर हा कायदा बदलता येतो. त्यात आणखी एक कलम घाला, अशी माझी मागणी आहे: सरकार ज्या दिवसांसाठी एखाद्याला घरात राहायला सांगेल, मग ते पाच असोत की पंधरा, त्या प्रत्येक दिवसाचं किमान वेतन सरकार त्याच्या खात्यात जमा करेल, आणि त्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्टखेरीज दुसरा कुठलाही कागद मागितला जाणार नाही.